मधाच्या वाटीपलीकडे

(एलुल महिन्यातील एका रविवारी, बुइटनव्हेल्डर्ट येथे आपल्या समाजापुढे झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



नव्याचा सण आता अगदी दाराशी आला आहे. थोड्याच दिवसांत आपल्या घरोघरी सफरचंदाच्या फोडी मधात बुडतील आणि येणारे वर्ष गोड जावो अशी प्रार्थना आपण करू. मंडळाने मला मधमाशीविषयी बोलण्यास सांगितले ते याच निमित्ताने. मधाची गोडी, पोळ्यातील शिस्त, राणी माशीचा दरबार असे काहीतरी मी सांगेन, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु सेलिहोथचे दिवस चालू आहेत. या दिवसांत दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःचा हिशेब तपासावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. म्हणून मी प्रथम माझ्या एका चुकीची कबुली देते. आजचा विषय त्या चुकीतूनच उभा राहिला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना होता. आमच्या इमारतीच्या दारापुढील फरशांच्या सांध्यांतून वाळूचे लहान लहान ढिगारे वर येऊ लागले. रोज सकाळी मी झाडून काढीत असे, आणि दुसऱ्या सकाळी ढिगारे पुन्हा तयार असत. मुंग्यांचे वारूळ होणार, असे माझ्या मनाने घेतले. दुकानातून मुंग्या मारण्याची पावडर आणली आणि एकेका छिद्रात काळजीपूर्वक भरली. तिसऱ्या दिवशी ढिगारे येणे थांबले. मला समाधान वाटले.

आमच्या शेजारी एक वृद्ध डच बाई राहतात. पूर्वी त्या शाळेत शिकवीत असत. त्या दिवशी त्या माझ्या दारापुढे बराच वेळ वाकून उभ्या होत्या. त्यांनी फरशीवरून एक मेलेला कीटक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या मागच्या पायांवर पिवळसर केसांचे दाट झुपके होते, जणू पायांत लोकरीचा पायजमा चढवला आहे. बाई रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या की, या मुंग्या नव्हत्या, या मधमाश्या होत्या. आणि त्या दरवर्षी येथे येत असत.

त्या माशीला डच भाषेत 'प्लुइमव्हूटबै' म्हणतात, म्हणजे पायांना पिसारा असलेली मधमाशी. ती पोळे बांधीत नाही. तिच्या जातीत राणी नाही आणि कामकरी माश्याही नाहीत. प्रत्येक मादी एकटीच वाळूत तिरके बीळ खणते. पायांचे ते झुपके एकाच वेळी तिचे फावडे आणि तिची झोळी असतात. त्यांनीच ती वाळू मागे लोटते आणि त्यांतच पिवळ्या रानफुलांचा पराग भरून आणते. बिळाच्या तळाशी ती परागाचा एक गोळा वळते आणि त्याला खालून तीन छोटे पाय काढते. गोळा ओल्या मातीला टेकून बुरशी धरू नये, यासाठी ही तजवीज! त्या गोळ्यावर ती एक अंडे घालते आणि कप्पा मातीने बंद करते. असे काही कप्पे भरले की काही आठवड्यांचे तिचे आयुष्य संपते. आपले मूल तिला कधीच दिसत नाही. ते मूल हिवाळाभर जमिनीखाली राहते आणि पुढल्या उन्हाळ्यात बाहेर येते. मी त्या छिद्रांत पावडर भरली तेव्हा फिरत्या माश्यांबरोबर, जन्माला यायचे असलेले पुढले वर्षही मी मारले होते.

आता एक शब्दाची गोष्ट. आपण मराठीत 'मधमाशी' म्हणतो. या शब्दातच मध असल्यामुळे, जी मध देते तीच मधमाशी, असा आपला समज होतो. हिब्रू भाषेत ती 'देवोरा'; आपल्या इस्राएलाची न्यायनिवाडा करणारी संदेष्टी देवोरा हिचे नावही तेच. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत. नेदरलँड्समध्ये सुमारे ३६० जातींची नोंद आहे. यांपैकी वाटीतला मध आपल्याला देणारी जात एकच, पेटीत पाळली जाते ती. उरलेल्यांत केसाळ भुंगे लहान लहान वसाहती करून राहतात, आणि बहुसंख्य जाती एकांड्या शिलेदारासारख्या आपापला संसार एकटीने चालवतात. कोणी वाळूत राहते, कोणी पोकळ काडीत, कोणी भिंतीच्या भेगेत. २०१८ साली या देशाने रानटी मधमाश्यांची जी लाल यादी प्रसिद्ध केली, तीत निम्म्याहून अधिक जाती धोक्यात असल्याचे दिसले. माझ्या पायाखाली राहणारी मधमाशी मला ओळखता आली नाही, याचे मूळ या अज्ञानात होते: मी मधाला ओळखत होते, माशीला नाही.

मधमाश्या नाहीशा झाल्या तर आपले काय बिघडेल? याविषयी अतिशयोक्ती फार होते. मधमाशी संपली की चार वर्षांत मनुष्यजात संपेल, असे एक भाकीत आइन्स्टाइन यांच्या नावावर सर्रास सांगितले जाते. त्यांनी असे म्हटल्याचा पुरावा कोठेही नाही. गहू, भात, मका ही पोटाची मोठी धान्ये वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच परागावर धरतात. उपासमार उद्याच येणार नाही. परंतु जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके कमी-अधिक प्रमाणात कीटक, पक्षी यांच्यासारख्या परागवाहकांवर अवलंबून आहेत. आणि ही बहुधा फळांची, भाज्यांची, तेलबियांची आणि मसाल्यांची पिके आहेत.

आपण आपल्या मलिद्याचे तबक डोळ्यांपुढे आणू या. एलियाहू हन्नाबीचे स्मरण करून आपण ते मांडतो. त्यातील पोह्यांना मधमाशीची गरज नाही. साखरेच्या उसालाही नाही. नारळाला वारा आणि कीटक दोघेही साहाय्य करतात. पण वेलदोड्याचे फूल मधमाशीवाचून जवळजवळ वांझ राहते. बदामाच्या बहुतेक झाडांना दुसऱ्या जातीच्या बदामाचा पराग लागतो आणि तो माशीच आणते. वर ठेवलेल्या फळांतील सफरचंदाची गोष्ट तीच. म्हणजे मधमाशी गेली तर तबक रिकामे होणार नाही; त्याचा सुगंध आणि त्याचे रंग जातील. रोश हशानाच्या रात्री आपण ज्या लाल भोपळ्यावर आशीर्वाद म्हणतो त्याची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. माशीवाचून त्याला फळच धरत नाही.

आणि आपले पूर्वज? अलिबाग, पेण, रेवदंडा, नागोठणे या परिसरात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आपल्या डोंगरउतारांवर होणाऱ्या जुन्या तेलबियांपैकी एक म्हणजे कारळे, ज्याला काही ठिकाणी खुरासणी म्हणतात. कारळ्याच्या पिवळ्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही. शेजारच्या रोपाचा पराग माशीने आणून दिला तरच दाणा भरतो. घाण्याचा बैल सर्वांना दिसत होता. शेतात आधी राबून गेलेली माशी कोणाला दिसली असेल? तिला मजुरी द्यावी लागत नव्हती, म्हणून हिशेबाच्या वहीत तिचे नाव आले नाही.

या सणाला मुलांसाठी एक छोटा प्रयोग सुचवते. सफरचंद उभे न कापता आडवे कापावे. मध्यभागी पाच कप्प्यांची चांदणी दिसेल. प्रत्येक कप्प्यात साधारणतः दोन बिया असतात. म्हणजे भरल्या फळात दहा. सफरचंदाचे फूल एप्रिलच्या थंडीत उमलते. पेटीतील मधमाशी गारठ्यात बाहेर पडण्यास नाखूश असते. अशा हवेत रानटी गवंडीमाशी आणि भुंगे मात्र कामावर निघतात. पराग पुरेसा मिळाला नाही तर बिया कमी धरतात आणि फळ एका अंगाने खुरटते. मुलांना बिया मोजू द्याव्यात. मध चाखण्यापूर्वी, ज्या माशीने मध दिला नाही पण सफरचंद दिले, तिचीही आठवण होईल.

यावर कोणी म्हणेल, मग आपण गच्चीवर मधमाश्यांची एक पेटी ठेवू या. हा विचार सद्भावनेचा आहे, परंतु तो सर्वत्र सारखा लागू पडत नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी मधमाशी ही तेथलीच रहिवासी आहे. तेथील मांघर या गावाला मे २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर करण्यात आले. तेथे पेटीमुळे जंगल राखण्यात गावाचा लाभ असतो. येथे शहरात परिस्थिती निराळी आहे. एका पेटीत उन्हाळ्यात हजारो माश्या असतात. फुले तेवढीच राहिली आणि पेट्या वाढल्या, तर वाळूत एकटी राहणारी माशी उपाशी राहते. तिला पेटी नको आहे. तिला जागा हवी, फुले हवीत आणि विषापासून अभय हवे.

हे मागणे आपल्या परंपरेला अपरिचित नाही. सप्तधान्यांच्या यादीतील मध हा खजुराचा, असे आपले विद्वान सांगतात. परंतु मधमाश्याही आपल्या लोकांमध्ये वावरत होत्या. २००७ साली इस्राएलमधील तेल रेहोव येथे पुरातत्त्वज्ञ अमिहाय माझार यांच्या उत्खननात मातीच्या सुमारे तीस पोळ्यांची रांग सापडली. ती जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि ती गावाबाहेर नव्हती. भर वस्तीत होती. मग शेजाऱ्यांचे तंटे आलेच! मिश्नाच्या बाबा बथ्रा या भागाच्या दुसऱ्या अध्यायात शेजारधर्माचे नियम आहेत. तेथे सांगितले आहे की, शेजाऱ्याच्या मधमाश्यांपासून मोहरी दूर अंतरावर पेरावी. रब्बी योसे यांनी मात्र मोहरीला मुभा दिली. त्यांचे म्हणणे असे की, मधमाशीवाल्याने मोहरीवाल्याला दूर सर म्हणावे, तर मोहरीवालाही उलट तेच म्हणू शकतो. कारण माश्या येऊन त्याचे पीक खातात. या वादात निकालापेक्षा मला एक गोष्ट मोलाची वाटते. मी माझ्या जमिनीत काय लावतो याचा परिणाम शेजारच्या माशीवर होतो, आणि म्हणून तो प्रश्न धर्माच्या कक्षेत येतो, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. आमच्या दारापुढची वाळू हीसुद्धा अशीच शेजारची हद्द होती.

याच शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या एका यहुदी बांधवाने हेच शिकवले. एली हैमन्स हे त्यांचे नाव. जन्म १८६१, पेशाने शिक्षक. शहरातील मुलांना निसर्ग पुस्तकातून नव्हे, डोळ्यांनी शिकवावा, यासाठी त्यांनी १८९३ साली शिक्षकांकरिता एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. पुढे याक पी. तैसे या शिक्षक मित्राबरोबर त्यांनी १८९६ साली 'द लेव्हेंडे नातुर' म्हणजे 'जिवंत निसर्ग' हे नियतकालिक सुरू केले. ॲमस्टरडॅमजवळच्या नार्डरमेर सरोवरात शहराचा कचरा टाकण्याची योजना पुढे आली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत हे मित्र होते. त्या विरोधातून १९०५ साली निसर्गरक्षणाची संस्था उभी राहिली आणि तिने ते सरोवर विकत घेऊन वाचवले. तैसे यांच्या नावाची बाग आपल्यापासून सायकलच्या अंतरावर, आम्स्टेलव्हेनमध्ये, ॲमस्टरडॅमसे बॉसच्या कडेला आहे. तेथे या भूमीतील रानफुलेच लावली जातात. हे दोघे राजे नव्हते, मंत्री नव्हते; शाळामास्तर होते. पाहायला शिकलेला माणूस राखायलाही शिकतो, एवढाच त्यांचा विश्वास होता.

सरकारने आपले काही काम केले आहे. मधमाश्यांना घातक ठरलेल्या निओनिकोटिनॉइड वर्गातील तीन कीटकनाशकांच्या उघड्यावरील वापरावर युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली. या देशात फरसबंदीवर रासायनिक तणनाशक मारण्यास व्यावसायिकांना २०१६ साली मनाई करण्यात आली. परंतु माझ्या हातातील पावडरीचा डबा कोणत्याही कायद्याने अडवला नव्हता. उंबरठ्याच्या आतले काम आपलेच आहे.

ते काम मी थोडक्यात सांगते. पहिले, विष नको. फरशीतून वाळू आली तर आधी पाच मिनिटे थांबून पाहावे, कोण ये-जा करते आहे. एकांडी मधमाशी क्वचितच डंख करते. सुक्क्यात गोडावर झडप घालणाऱ्या बहुधा गांधीलमाश्या असतात. त्यांच्यासाठी ताटावर झाकण पुरेसे आहे, फवारा नको.

दुसरे, जागा. एखादी फरशी उचलावी. इमारतीच्या भिंतीलगत फरशीची पट्टी काढून रोपे लावण्याची येथे जुनी पद्धत आहे. तिला 'खेव्हलटुइन' म्हणतात. पालिकेचे नियम पाहून ती कोणालाही करता येते. सर्वच माती झाडांनी झाकू नये. हातभर उघडी, उन्हातली वाळू तशीच ठेवावी. काडीत राहणाऱ्या माश्यांसाठी टणक लाकडात दोन ते दहा मिलिमीटर रुंदीची, मागून बंद अशी छिद्रे पाडून ते लाकूड उन्हाकडे तोंड करून टांगावे.

तिसरे, फुले. ज्यांना बाग नाही त्यांना गॅलरी आहे. कुंडीतील कोथिंबीर सगळी खुडू नये, थोडी फुलावर जाऊ द्यावी. फोडणीच्या डब्यातील मूठभर मोहरी पेरली तरी ती उगवते आणि फुलते. रब्बी योसे यांना ते आवडले असते. ओवा, पुदिना, लॅव्हेंडर हेही चालते. रोपे विकत घेताना ती कीटकनाशकाशिवाय वाढवलेली आहेत ना, हे दुकानात विचारावे.

चौथे, धीर. गवत दर आठवड्याला कापू नये. आणि आयव्हीचा वेल भिंतीवर असेल तर आपले सण आटोपेपर्यंत त्याला कात्री लावू नये. त्याची साधी, हिरवट फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आपल्या तिश्रीतच येतात. या फुलांवर उपजीविका करणारी एक स्वतंत्र मधमाशी आहे. आपण शोफार ऐकतो, उपवास करतो, सुक्का उभारतो, त्याच दिवसांत तिचे सारे आयुष्य उरकते. तिला दुसरा ऋतू नाही.

पाचवे, मोजणी. २०१८ पासून दर एप्रिलमध्ये या देशात मधमाश्यांची राष्ट्रीय गणना होते. अर्धा तास आपल्या बागेत किंवा गॅलरीत बसून दिसलेल्या माश्या नोंदवायच्या असतात. पेसाहच्या गडबडीतही आपल्या मुलांना ते जमेल.

आता शेवटचे, आणि थोडे अवघड. आपल्या सिनेगॉगच्या आवारात दक्षिणेकडील भिंतीलगत मातीची एक पट्टी उरली आहे. सायकलींना जागा अपुरी पडते म्हणून तीही फरशीखाली घ्यावी, असा विषय येत्या सभेपुढे आहे. सायकलींची अडचण खरी आहे. आपल्या वृद्धांना सायकलींच्या गर्दीतून वाट काढावी लागते, हे मी रोज पाहते. मोहरीवाल्याचीही बाजू असते. म्हणून पट्टी अशीच ठेवा, असा हट्ट मी धरीत नाही. माझी विनंती एवढीच की, सायकलींचा कठडा सावलीच्या बाजूस न्यावा आणि उन्हाच्या बाजूची एक मीटर माती मोकळी सोडावी. तिची निगा राखण्याचे काम मी अंगावर घेते. आणखी दोघे-तिघे पुढे आले तर आनंद होईल.

रामबाम यांनी तेशुवेच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: दोष ओळखावा, त्याचा त्याग करावा, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा आणि तो मुखाने कबूल करावा. अजाणतेपणी घडलेल्या दोषालाही तोरेने प्रायश्चित्त सांगितले आहे. ठाऊक नव्हते म्हणून हिशेब मिटत नाही. माझी कबुली आज आपल्यासमोर झाली. पावडरीचा तो डबा मी घातक कचऱ्याच्या संकलनात देऊन टाकला. पुढल्या उन्हाळ्यात आमच्या दारापुढे एकही ढिगारा आला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यातही नाही. यंदा जुलैमध्ये शेजारच्या बाईंनी माझ्या दाराची घंटी वाजवली आणि मला खाली बोलावले. फरशीच्या सांध्यात वाळूचे दोन ढिगारे होते. आम्ही दोघी तेथे बराच वेळ उभ्या राहिलो. मी झाडू आणला नाही.

आपल्या सर्वांना येणारे वर्ष गोड आणि भरल्या बियांचे जावो. तिझ्कू लेशानीम रब्बोथ.